अर्धी ओळ

आमच्या भजनी मंडळाची मुख्य गायिका मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे काही झालं त्यात नेमकी हीच गोष्ट कोणाला धड कळेना आणि शेवटी शेवटी तर मलाही.

मंडळ बायकांचं आहे. गाव राष्ट्रसंतांच्या मोझरीपासून जवळ, त्यामुळं खंजिरी आमच्याकडं घरोघरी. मुख्य गायिका म्हणजे खंजिरी तिच्या हातात आणि ओळ तिच्या तोंडी. तिनं ओळ टाकली की मागच्या बायका ती उचलून पुन्हा म्हणतात, त्याला झील धरणं म्हणतात. माझ्या उजव्या खांद्यामागं अगदी लागून झील धरायला बसते माझी धाकटी जाऊ गीतांजली. घरची शेती झेंडूची आणि शेवंतीची. सकाळी आम्ही दोघी जावा फुलं तोडतो, माझे यजमान केशवराव ती अमरावतीच्या बाजारात नेतात आणि संध्याकाळी आम्ही देवळात भजनाला. खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, त्यात उत्कृष्ट गायिकेच्या ढाली माझ्या नावावर आहेत. करोनात मी चांगलीच आजारी पडले होते, पण त्यानंतरही ढाली येत राहिल्या. उत्कृष्ट झीलकरणीची ढाल कुठंच नसते. असायचं कारणही नाही, असं मी म्हणत असे.

गीताची पोरगी प्रणाली अमरावतीला इंग्रजी घेऊन एम. ए. करते. तिनं आमच्या भजनाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि तो कुठून कुठं गेला देव जाणे, एक दिवस ती सांगत आली की विलायतेचा एक गायक आपल्या गावात येणार आहे. त्याचं नाव डॅनियल. त्याची गाणी म्हणे जगभर गाड्यांमधून वाजतात. सोबत एक बाई येणार होती, सीरा नावाची, आफ्रिकेतल्या माली देशाची. तिच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या गाण्याचंच काम. या दोघांनी मिळून तिच्या गावात, तिच्या घरच्या वाद्यांवर गाणी केली होती आणि ती फार चालली होती. आता नव्या गाण्यासाठी त्यांना खंजिरी पाहिजे होती. सीरा हे नाव ऐकल्याबरोबर आमच्या ढोलकीवाल्या गंगूबाईनं तिचं शिराबाई करून टाकलं.

ते आले तेव्हा सगळं गाव देवळापुढं. सत्काराचा हार माझ्याच हातात दिला, कारण मुख्य पाहुण्याला मुख्य गायिकेनं हार घालायचा अशी आमची रीत. मी तो डॅनियलला घातला. उंच, हडकुळा, नाक उन्हानं लाल झालेलं. त्यानं हात जोडले, हार काढला आणि सीराच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं ठीक आहे, बायको असेल. तर सीरानं तो काढला, इकडं तिकडं पाहिलं आणि थेट गीताच्या गळ्यात घातला. गीता खुर्च्या लावत होती. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच समजेना. गीतानं घाईघाईनं हार काढून देवाला घातला, म्हणून सुटलो.

“ते नवराबायको नाहीत, मोठी आई,” प्रणाली माझ्या कानात म्हणाली.

“मंग हे काय चाललं होतं?”

“मले बी नाही समजलं.”

रेकॉर्डिंग देवळाच्या सभामंडपातच झालं. प्रत्येकीच्या पदराला वेगवेगळा माईक लावला. मी म्हटलं, एक मधोमध ठेवा, आजवर तसंच चालत आलं आहे, पण नाही. गाणं मी आमच्या सासूबाईनं फुलं तोडताना रचलेलं निवडलं. ‘पहाटच्या पाऱ्यामंधी कोन गेलं वाटेनं, झेंडू माझा जागा झाला कोनाच्या गं हातानं.’ त्यात ‘कोन’वर लांब ओढ आहे. ती ओढ ऐकायला माणसं मोझरीच्या यात्रेत थांबतात, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्या दिवशी तर गाणं असं रंगलं की डॅनियल पायानं ताल धरता धरता चुकायला लागला. खंजिरीही त्यानं वाजवून पाहिली आणि बोटं सुजवून घेतली. सीरा मात्र कानाला हेडफोन लावून ऐकत होती. अर्ध्या गाण्यात ती उठली, माझ्या पुढून निघाली आणि गीतापुढं जाऊन बसली. मला तिची दया आली. बिचारीला कोणापुढं बसायचं तेसुद्धा कळत नाही, म्हटलं.

पुढच्या आठवड्यात प्रणाली घरी आली ती तोंड चुकवतच.

“ते लोक अकोल्याले एक दिवस अजून रेकॉर्डिंग करून राहिले. अमरावतीच्या स्टुडिओत निवडणुकीची गाणी चालू हायेत, म्हनून तिकडं. त्यायले आई पाहिजे.”

“कोनाची आई?”

“माही आई. एकटी.”

गीताच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं. मी विचारलं, “नीट सांग. काय म्हनली ते शिराबाई? शब्दान् शब्द सांग.”

“ते म्हनली, ज्या बाई गाणं पूर्ण करतात त्या पाहिजेत.”

“पूर्ण तं मी करतो नं!”

आता तुम्हीच सांगा, यातून माणसानं काय समजायचं? मला दोन गोष्टी सुचल्या. एक म्हणजे त्या लोकांना आपल्या गाण्यातलं काही कळत नाही. दुसरी म्हणजे भाच्या-पुतण्यांचा आजवरचा अनुभव पाहता, ही पोरगी इंग्रजीतल्या इंग्रजीत आपल्या मायले पुढं करून राहिली. दुसरी गोष्ट मला जास्त पटली. केशवरावांना सांगितली तर ते म्हणाले, “जाऊ दे नं एक दिवस तिले,” आणि टोपली उचलून चालते झाले. त्यांचंही वागणं मला विचित्रच वाटलं.

“मी येतो सोबत,” मी गीताला सांगितलं. “तू एकटी परक्या मानसायत जाऊन काय करशीन?”

“या नं, बाई,” ती म्हणाली. तिला सुटल्यासारखं झालं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. तेही मला समजलं नाही.

मोठी गाडी घ्यायला आली. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसले, मागं बाकीचे. बडनेरा गेलं, मूर्तिजापूरला चहा आणि आलूबोंडे झाले. डॅनियलनं मिरची खाल्ली आणि बराच वेळ त्याला बोलता येईना. गाडी पुन्हा चालू झाल्यावर मी मान वळवून म्हटलं, “प्रणाली, विचार त्यायले. या दोघायमंधी मुख्य कोन?”

“मोठी आई, असं नसते त्यायच्यात.”

“असं नसते म्हंजे? कोनी तरी पुढं असतेच. तू विचार.”

तिनं विचारलं. दोघं आधी खूप हसले, मग एकदमच बोलायला लागले. प्रणालीनं सांगितलं ते असं. पोस्टरवर नाव डॅनियलचं मोठं. त्याच्या देशात काही लोकांनी लिहिलं की यानं त्या गरीब देशाची गाणी उचलली. तिच्या गावात उलटंच. तिथं लोक तिला विचारायचे, हा हडकुळा पोरगा तू कशाला सोबत फिरवतेस, याला गप्प कधी बसायचं तेही कळत नाही. तिचा काका तर त्याला वर्षभर मागं बसवून नुसत्या टाळ्या वाजवायला लावत होता.

“आन् हा सोता काय म्हनते?”

“तो म्हनते, सीरासंग गातो तवा मलेच समजत नाही का गाणं कोनाचं हाय.”

“मंग गाते काहून?”

बाहेर कपाशी मागं पडत होती. “तो म्हनते, एकटा गातो तवा पक्कं माहीत असते. पन तवा मजा येत नाही.”

हे काय उत्तर झालं? एवढ्या मोठ्या माणसाला आपलं गाणं कोणाचं हे माहीत नसावं, याचं मला खरंच नवल वाटलं. माझं मला माहीत होतं.

मग सीरा बोलली. तिच्याकडं म्हणे गाणाऱ्यापुढं एक माणूस बसतो. तो काही गात नाही. प्रत्येक ओळीला फक्त ‘हो, खरं’ म्हणतो. तो गप्प झाला की गाणारा थांबतो, पुढं जातच नाही. लहानपणी सीरा आपल्या आत्यापुढं तशी बसत असे, म्हणून गाणं ऐकताना तिचा कान आधी साथ देणाऱ्याकडंच जातो. एवढं सांगून ती माझ्याकडं पाहून आणखी काही तरी म्हणाली. तिचे डोळे चांगले होते, मायाळू. प्रणाली खिडकीबाहेर पाहायला लागली.

“काय म्हनली?”

“काही नाही. रस्ता खराब हाय म्हने.”

रस्ता नवा कोरा होता, पोटातलं पाणी हलत नव्हतं.

अकोल्याला जठारपेठेत एका दुकानाच्या वर किशोर नावाच्या माणसाचा स्टुडिओ. एरवी तो दुकानांच्या जाहिराती आणि भजनांच्या कॅसेटी करतो, आता कॅसेटी राहिल्या नाहीत पण तो अजून कॅसेटीच म्हणतो. काचेची खोली, भिंतींना काळा स्पंज. गीताला आत उभं केलं, कानाला ते मोठं लावलं. तिला सीराचा आवाज ऐकवायचा, तिच्या भाषेतला, आणि त्या आवाजाला गीतानं आपल्या गाण्यानं उत्तर द्यायचं, असा बेत.

आवाज सुरू झाला. गीता उभी. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मला आतून बरं वाटत होतं, कशाला खोटं बोलू.

“जमून नाही राहिलं,” ती काचेमागून म्हणाली. स्पीकरमधून तिचा आवाज बारीक आला. “मले सुरुवात नाही करता येत. कोनी थांबलं का मंग मले येते.”

मी किशोरला म्हटलं, “पाहा, झीलकरीण हाय ते. तिच्या पुढं कोनी नको का?”

“बरोबर, काकू,” किशोर म्हणाला. “तुमचं गावातलं रेकॉर्डिंग हाय नं, ते तिच्या कानात देतो. तुमचा आवाज आला का ते सुरू होईन.” आणि त्यानं मशीनवर बोटं चालवली. माझा माईक तेवढा उघडला, आणि चुकून म्हणा की कसं म्हणा, तो आवाज बाहेरच्या मोठ्या स्पीकरवर आला.

‘पहाटच्या पाऱ्यामंधी को...’

आणि बंद. मागं नुसती खंजिरी. मग पुढची ओळ. ‘झेंडू माझा जागा झाला...’ आणि बंद. श्वासाची एक शिट्टी ऐकू आली, मग खंजिरी. पुन्हा ‘पहाटच्या पाऱ्यामंधी को...’ आणि बंद.

“तुमचं मशीन खराब हाय,” मी म्हटलं.

किशोर घाबरला. त्यानं दुसरं बटण दाबलं आणि गीताचा माईक उघडला. माझ्या ‘को’मधूनच ‘न’ निघाला, ओढ निघाली, लांब, भरलेली, ती ओढ, आणि ‘गेलं वाटेनं’पर्यंत ओळ पुरी झाली. सांधा कुठं आहे ते मलासुद्धा ओळखू येईना. त्यानं गीताचा माईक बंद केला. ओळ पुन्हा अर्धी.

“राहू दे,” प्रणाली त्याच्यावर ओरडली.

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं खाली पाहिलं. मग एकेक गोष्ट जागेवर यायला लागली. व्हिडिओ ऐकून आलेल्या सीरानं हार गीताला का घातला, ती गीतापुढं का जाऊन बसली. गाणं पूर्ण करणारी बाई म्हणजे कोण. केशवरावांनी टोपली का उचलली. गाडीत प्रणालीला रस्ता खराब का दिसला. म्हणजे यांना सगळ्यांना माहीत होतं? गंगूबाईला? स्पर्धेतल्या परीक्षकांना? आणि माझ्या कानाला, खंजिरीच्या एवढ्या जवळ असलेल्या माझ्या कानाला, तो आवाज माझाच वाटत होता?

मी उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसले. खाली रिक्षा, फळांचे गाडे, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मला राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे ठरेना. थोड्या वेळानं गीता आली आणि दोन पायऱ्या खाली उभी राहिली.

“कवापासून?” मी विचारलं.

“करोनातून तुमी उठल्या तवापासून. आधी शेवटचं अक्षर राहे फक्त. मंग वाढत गेलं.”

“आन् तू मले सांगतलं नाही.”

“काय सांगू, बाई?”

“हेच! का माहा दम पुरत नाही! चारचौघात मी ढाली घेऊन राहिली, फोटो काढून राहिली, आन् तुमी सगळे माह्या मागं...” मला पुढं बोलता येईना. तिथंही दम पुरला नाही, त्याचा आणखी राग आला.

गीता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “कोनी हासलं नाही तुमाले. आमी कवा बोललो बी नाही त्याच्यावर. तुमी थांबल्या का मी उचलून घेतो, एवढंच. झीलीचं कामच हाय ते.”

“झीलीचं काम मागून म्हनाचं असते. पुढच्याची ओळ खायाचं नसते.”

हे मी तिला लागावं म्हणूनच बोलले. तिला लागलंही. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “सांगतलं असतं तं तुमी त्याच दिवशी खंजिरी खुंटीले टांगली असती. मले माहीत नाही का तुमचा सोभाव? मंग मी कोनाच्या मागं गायाचं होतं?”

तिनं मला फसवलं होतं. तिनंच मला सांभाळलंही होतं. दोन्ही एकाच तोंडानं, एकाच श्वासात केलं होतं, आणि त्यातलं एक वेगळं काढून त्यावर रागवावं तर दुसरं सोबत येत होतं. मी तिला शिवीही देऊ शकले नाही आणि जवळही घेऊ शकले नाही.

दार उघडून प्रणाली आली. “मोठी आई, सीरा विचारून राहिली... तुमी आत आईपुढं बसान का? माईक नाही लावत. तुमी नुसतं गायाचं, म्हंजे आईले येईन. नाही म्हनलं तरी चालते म्हने.”

म्हणजे आता माझा आवाज फक्त गीताला सुरू करून द्यायला. मी नाही म्हणणार होते. पण गीता तिथं हातात पदराचा पीळ घेऊन उभी होती, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी, आणि एवढ्या दूरून आणून तिला तशीच परत नेणं माझ्यानं होईना. मी उठले.

काचेच्या खोलीत दोन स्टूल ठेवले. आम्ही समोरासमोर बसलो. एवढ्या वर्षांत गाताना मी तिचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं, ती कायम मागं. हातात खंजिरी नव्हती, हात मोकळे कुठं ठेवावे ते समजेना. काचेपलीकडं सीरा उभी, डॅनियल तिच्या मागं भिंतीला टेकून. किशोरनं बोट वर केलं.

मी सुरू केलं. ‘पहाटच्या पाऱ्यामंधी को...’

आणि दम संपला. आता मला माहीत होतं की तो तिथंच संपतो. मी गीताकडं पाहिलं. तिनं उचललं नाही. पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ती थांबली. माझ्याकडं पाहत राहिली. आता घेतलं तर बाईचा अपमान होईल, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. स्पंजाच्या त्या खोलीत इतकी शांतता झाली की माझ्या छातीतली घरघर मलाच ऐकू आली. मी जोर लावला. ओढ निघाली नाही, खोकला निघाला. गीतानं तोंडावर हात धरला, तिचे डोळे भरले, पण ती थांबूनच.

ती मरेपर्यंत थांबली असती. मला तिचा स्वभाव माहीत नाही का?

“घे,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली.

“घे नं, बाई! काहून थांबली? मले नाही पुरत आता. तू घे.”

हे शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा मला कोणी तरी घरातून बाहेर काढल्यासारखं वाटलं. गीतानं हात खाली घेतला. तिनं माझी अर्धी राहिलेली ओळ उचलली नाही. तिनं पहिल्यापासून घेतलं, ‘पहाटच्या’पासून, आणि एका दमात शेवटपर्यंत गेली. आवाज तोच, जो मी माझा समजत होते. फक्त तो समोरून येत होता.

ओळ संपली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. कोणी तरी झील धरायला पाहिजे होती. मी तोंड उघडलं आणि आधीच शिरले, तिच्या ओढीत मध्येच. किशोरनं हात हलवले. पुन्हा केलं, तर मी उशिरा आले. ढालीवाली बाई आणि झील धरता येत नाही. झील म्हणजे पुढच्याच्या श्वासाकडं कान लावून बसणं, आणि मी आजवर कोणाच्या श्वासाकडं कान लावला होता?

पुढच्या वेळी गीतानं ओळ संपवताना माझ्या गुडघ्यावर थाप मारली. हळूच, लहान पोराला समजवावं तशी. मी तिच्या मागून गेले.